शून्यावर बसलेली मुलगी

त्या वर्षी आमची शाळा दर आठवड्याला थोडी थोडी वर येत होती. आधी अर्धा सेंटिमीटर, मग एक, मग दीड. हे मी गमतीनं लिहीत नाही. सातवीच्या वर्गानं ते मोजलं होतं आणि नंतर मी स्वतः मोजलं होतं.

ग्वाल्हेरला लष्कर भागात, कंपू मोहल्ल्याच्या अलीकडच्या एका जुन्या शाळेत मी भूगोल शिकवते. नद्यांची नावं घडाघडा म्हणणारी मुलं पाहिली की माझं डोकं फिरतं. नदी कोणत्या बाजूला वाहते ते विचारा, गप्प. म्हणून मी पोरांना वर्गाबाहेर काढते. काठीची सावली मोजायला लावते, वाळूच्या ढिगावर झारीनं पाणी ओतून दऱ्या करायला लावते. इतर शिक्षक म्हणतात, ह्या मॅडमच्या तासाला मुलं घाण होऊन येतात. येऊ देत. माझा स्वभाव मुळात हट्टी आहे, आणि मोजमापाच्या बाबतीत तर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

दिवाळीनंतर सातवीला उंचसखलपणा शिकवायचा होता. नकाशावर त्या वाकड्यातिकड्या रेषा असतात ना, एका उंचीच्या जागा जोडणाऱ्या, त्या मुलांच्या डोक्यावरून जातात. मी ठरवलं, शाळेच्या आवाराच्याच रेषा काढायच्या आणि पुठ्ठ्याचे थर चिकटवून आवाराचं मॉडेल करायचं. महिन्या-दीड महिन्यानं शाळेचं प्रदर्शन होतं, तिथे ते ठेवता आलं असतं. ओळखीच्या गवंड्याकडून मी त्याची लेव्हलची नळी मागून आणली. पारदर्शक, लांबलचक, आत पाणी भरलेलं. नळीची दोन टोकं कुठेही धरा, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतं. दोन्ही टोकांशी मोजपट्टी उभी केली की कोणती जमीन किती वर, किती खाली, ते लगेच कळतं. पोरं बेहद्द खूष झाली.

पण मोजायला आधी शून्य लागतं. एक अशी जागा, जी हलत नाही, आणि जिच्यापासून बाकी सगळं मोजायचं. समुद्र आमच्यापासून फार लांब. मी आवारभर हिंडले. मागच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर, गवतात, सात दगड एका ओळीत रोवलेले होते. दरवर्षी शिपाई त्यांना झाडांच्या बुंध्यांबरोबर चुना फासायचे. कुणी ठेवले, कशाला ठेवले, कुणालाच ठाऊक नव्हतं. मधल्या दगडाच्या पायथ्याशी मी खडूनं गोल केला आणि म्हटलं, ''हे आपलं शून्य. हे दगड शंभर वर्षं हललेले नाहीत.'' शंभर वर्षं हे मी आपलं ठोकून दिलं.

मापं लिहायचं काम मी एका मुलीला दिलं. वर्गात ती आणि मी, एवढ्याच दोघी मराठी. तिचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले, वडील आता एका दवाखान्यात औषधं देतात. बुटकी, कमी बोलणारी, अक्षर मात्र मोत्यासारखं. आपल्यातली मुलगी म्हणून मी तिच्याशी मराठीत बोलायची आणि आपल्यातली म्हणूनच तिला जास्त रागवायची. मॅडम आपल्या माणसांना झुकतं माप देतात, असं कुणी म्हणायला नको, ही माझी कायमची धास्ती.

पहिल्या शनिवारी व्हरांड्याची वरची पायरी बेचाळीस सेंटिमीटर भरली, झेंड्याचा ओटा एकतीस, हँडपंपाचा कट्टा अठरा. मोजलेलं परत मोजायचं, हा माझा नियम. दुसऱ्या शनिवारी साडेबेचाळीस, साडेएकतीस, साडेअठरा. म्हटलं, चालायचंच. तिसऱ्या शनिवारी साडेत्रेचाळीस, साडेबत्तीस, साडेएकोणीस.

मी वही हातात घेतली आणि माझं डोकं सणकलं. मुलं मोजताना चुकतात, पण ती कशीही चुकतात. कुठे जास्त, कुठे कमी. इथे प्रत्येक जागी नेमकी तेवढीच वाढ होती. म्हणजे हिनं मोजलंच नाही, मागच्या आकड्यांत भर घालून बसल्या जागी लिहून टाकलं. मी सगळ्या वर्गासमोर तिला उभं केलं.

''मनानं लिहिलंस ना?''

''नाही मॅडम. मी झूठ नाही बोलत. जे आलं तेच लिहिलं.''

''मग काय, शाळा वर येतेय?''

तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, ''येतेय वाटतं, मॅडम.''

वर्ग हसला. त्या हसण्यानं मी आणखी पेटले. तिच्या वहीतल्या दोन्ही पानांवर लाल पेनानं मी मोठ्या अक्षरांत 'खोटं' लिहिलं. म्हटलं, ''आजपासून तू काही लिहायचं नाही. शून्यावर जाऊन बस, नळीचं टोक धर आणि मी सांगेपर्यंत तिथून हलू नकोस.''

ती गेली आणि सात दगडांना पाठ टेकून बसली.

चौथ्या शनिवारी व्हरांड्याच्या टोकाला मी स्वतः उभी राहिले. शून्याजवळच्या पट्टीवरचा आकडा वाचायला दुसरी एक हुशार मुलगी नेमली होती. पायरी पंचेचाळीस भरली. ओटा चौतीस. कट्टा एकवीस. मी नळी झटकली, आतले बुडबुडे काढले, पुन्हा मोजलं. तेच.

मुलांनी मान वर करून शाळेकडे पाहिलं. मीही पाहिलं. पिवळी इमारत, खिडक्यांच्या हिरव्या झडपा, वर पारवे. रोजच्यासारखीच. पण त्या दिवसापासून आमच्या पायऱ्या उंच झाल्या. म्हणजे, सगळ्यांना तशा वाटायला लागल्या. मुलं पायरी चढताना पाऊल जरा जास्त उचलायची. दोघी-तिघी जणी पहिल्या पायरीवर अडखळून पडल्या. माझे गुडघे दुखायला लागले. एका पायरीपासून दुसरीची उंची वाढली नव्हती, हे मला कळत होतं. तरी गुडघे दुखत होते. स्टाफरूममध्ये बसल्यावर आपल्या खालची फरशी हळूहळू वर ढकलली जातेय असं वाटून मी खुर्चीचे हात धरायची, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

सोमवारी शाळा सुटल्यावर, आवार रिकामं झाल्यावर, मी एकटीनं नळी काढली. एक टोक रबरबँडनं पट्टीला बांधून दगडाशी उभं केलं, दुसरं घेऊन फिरले. तिन्ही जागा वाढलेल्याच भरल्या, आणि शनिवारपेक्षाही केसभर जास्त. मुलगी खरं बोलत होती. एवढं मात्र त्या दिवशी मला शंभर टक्के कळलं. का वाढतंय ते कळत नव्हतं, पण ती खरं बोलत होती.

मी नळी गुंडाळून कपाटात ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, ''मॉडेलसाठी पहिल्या आठवड्याची मापं घ्या. तीच बरोबर.'' मुलं बिचारी पुठ्ठे कापायला लागली. प्रदर्शनात पालकांना नळीचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, म्हणून सराव आता रोज व्हायचा आणि शून्यावर कुणीतरी लागायचंच. तिला तिथून उठवायचं म्हणजे तिचं खरं होतं हे कबूल करायचं. मी तिला बसवूनच ठेवली.

त्या आठवड्यात ती दोनदा माझ्याकडे आली. एकदा म्हणाली, ''मॅडम, इथे पाणी ठहरत नाही. हिलतंय.''

''तुझा हात हलतोय.''

''मी हात काढून घेतला, तरी हिलतंय.''

मी बघायला गेले. नळी पट्टीला बांधलेली, वारा नाही, ती दोन हात लांब उभी. नळीतलं पाणी किंचित वर जात होतं, किंचित खाली येत होतं, झोपलेल्या बाळाच्या पोटासारखं. मी बराच वेळ पाहत राहिले. मग म्हटलं, ''मुलं पळतायत तिकडे, त्यानं होतं.'' मुलं पळत नव्हती. सगळी व्हरांड्यात डबे खात होती.

दुसऱ्यांदा तिनं सांगितलं, ''आवाज पण येतो. नळीला कान लावला की.''

''कसला?''

तिनं विचार केला. ''खाली कुणीतरी एकेक भांडं ठेवतंय, तसा. आणि मॅडम, त्या पत्थरांना चुन्याच्या आत शेंदूर आहे. मी नखानं बघितला.''

''दगड खरवडत बसू नकोस,'' मी म्हणाले. ''सांगितलंय तेवढं कर.''

मराठी घरात जन्मून, सात दगड आणि शेंदूर हे दोन शब्द एका वाक्यात ऐकून मी हे उत्तर दिलं. भूगोलाच्या नादात मी किती आंधळी झाले होते, ते यावरून कळावं.

सहाव्या शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. माझ्या भाचीला मुलगी झाली होती आणि थाटीपुरात तिच्या सासरी, सरकारी क्वार्टरमध्ये, पाण्याची पूजा होती. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा पाण्यावर जाते. पूर्वी विहिरीवर जायची. विहिरीच्या काठी सात खडे ओळीनं मांडून त्यांना हळदीकुंकू वाहायचं. त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात जणी. त्यांचा मान ठेवला की त्या बाळाला सांभाळतात, नाही ठेवला तर माणसाला आत ओढतात, असं म्हणतात. आता विहिरी कुठल्या? अंगणातल्या नळाखाली बादली भरून ठेवली होती आणि खडे मांडायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी आपली सोयीनं भिंतीशी, सावलीत मांडायला बसले.

भाचीची सासू ओरडली, ''अगं, तिकडे कुठे? पाण्याला लागून मांड. पाणी नसेल तिथे आसरा कशाला बसतील?''

सातवा खडा माझ्या हातातच राहिला.

मग एका क्षणात सगळं उलगडलं. शाळा वर येत नव्हती. शून्य खाली चाललं होतं. सगळीकडे सारखीच वाढ होती, कारण सगळं जिथून मोजलं तीच जागा खचत होती. बस सुटली की स्टँड मागे सरकल्यासारखं वाटतं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. ते मला सुचलं नाही, कारण शून्य मी निवडलं होतं, आणि मी निवडलेल्या गोष्टीवर मला शंका येत नाही. त्या दगडांखाली विहीर होती, आणि तिच्यावर मी एक मुलगी बसवून आले होते.

मी कुणाला न सांगता स्कूटर काढली. मुख्याध्यापकांना फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. फूलबागेशी एक वरात आडवी आली. वाजंत्री, घोडा, नाचणारे लोक, आणि मी मध्ये हॉर्न दाबून धरलेली. एक माणूस म्हणाला, ''दीदी, शादी है, ज़रा सब्र करो.'' मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला फक्त माझंच वाक्य ऐकू येत होतं, मी सांगेपर्यंत हलू नकोस.

आवारात शिरले तेव्हा सराव चालू होता. सकाळचं स्वच्छ ऊन. व्हरांड्याच्या पायरीवर एक मुलगा नळीचं टोक धरून उभा, गवतातून नळी मागच्या भिंतीकडे गेलेली आणि तिथे ती मांडी घालून बसलेली. मी धावत गेले. दगड पंधरा-वीस पावलांवर आले आणि माझे पाय थांबले. मी पुढे गेले नाही. हेही लिहायला हवं. त्या जमिनीवर पाऊल टाकायची मला भीती वाटली, जिच्यावर मी तिला दोन आठवडे रोज बसवत होते.

''ऊठ,'' मी म्हणाले. ''हळू ऊठ आणि माझ्याकडे ये.''

''मापन चालू आहे, मॅडम. तुम्ही हलू नको म्हणाला होतात.''

''आता मीच सांगतेय. ये, बाळा.''

बाळा मी तिला पहिल्यांदाच म्हटलं. ती चमकली. पट्टी आणि नळी तिनं मधल्या दगडाला नीट टेकवून ठेवली, फ्रॉक झटकला आणि रागावलेलं मूल चालतं तशी, मुद्दाम सावकाश, चालत आली. मी तिचा दंड धरला आणि तिला मागे, व्हरांड्यापर्यंत ओढत नेलं.

तेवढ्यात पायरीवरचा मुलगा ओरडला, ''मैडम! मेरा पानी चला गया!''

त्याच्या हातातल्या नळीतलं पाणी झरझर खाली उतरत होतं. मी वळून पाहिलं. दगडाला टेकवलेली पट्टी तिथे नव्हती. गवतातली नळी सरकायला लागली होती, मागच्या भिंतीकडे, संथपणे, कुणीतरी पलीकडून गुंडाळून घेत असावं तशी. मुलानं टोक सोडून दिलं आणि ते आमच्या पायांजवळून, गवतावर खसखस करत, निघून गेलं. मग मधला दगड गेला. मग त्याच्या दोन्ही बाजूंचे. ना मोठा आवाज, ना धूळ. जमीन आत वळली आणि तिथे काळोख उरला. वर्गातलं एकही मूल ओरडलं नाही. त्या शांततेत आम्हाला सगळ्यांना खालून ऐकू आलं, कुणीतरी एकेक भांडं ठेवतंय, तसं.

महापालिकेची माणसं आली, दोर सोडून गेली. जुनी बावडी होती, पायऱ्यांची विहीर. कधीतरी फरश्या टाकून, वर माती लोटून बुजवलेली. त्या वर्षीच्या पावसानं आतली भर खचत गेली. खोली किती ते त्यांनी मुलांसमोर सांगितलं नाही.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक म्हणाले, ''मैडम ने अपनी जान पर खेलकर बच्ची को बचा लिया.'' टाळ्या वाजल्या. मी पंधरा-वीस पावलांवर उभी होते, असं मी म्हणाले नाही. मुलगी दुसऱ्या रांगेत होती. तीही टाळ्या वाजवत होती, सगळ्यांसारख्याच.

संध्याकाळी तिची आई तिला घेऊन स्टाफरूममध्ये आली. मला काही कळायच्या आत ती बाई माझ्या पायांशी वाकली. ''तुमचे उपकार कसे फेडू मॅडम? तुम्ही नसता तर...'' ह्या मुलीनं घरी काय सांगितलं होतं, ते माझ्या लक्षात आलं. मॅडम आल्या आणि मला बोलावलं, एवढंच. शिक्षा नाही, 'खोटं' नाही, काही नाही. आईला मुख्याध्यापकांनी सहीसाठी बोलावलं आणि खोलीत आम्ही दोघीच राहिलो.

मी म्हणाले, ''तुझी मापं बरोबर होती. उद्या मी वर्गाला सांगणार आहे.''

तिनं मान हलवली. मग विचारलं, ''मॅडम, त्या सोमवारी तुम्ही अकेल्या मापत होतात ना? मी गेटवर वडिलांची वाट बघत होते.''

''हो.''

''तुमचं पण वाढलं होतं?''

''हो.''

तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त हिशेब लावत होती, गणित सुटत नसल्यासारखा.

''मग मला तिथे का बसवलं?''

खोटं सांगता आलं असतं. मी म्हणाले, ''तुझं बरोबर आहे असं म्हटलं असतं, तर सगळ्यांसमोर माझं चुकलं असतं. मला ते नको होतं.''

''अच्छा,'' ती म्हणाली. बाहेरून आईनं हाक मारली. दारापर्यंत जाऊन ती थांबली आणि अगदी साध्या आवाजात, मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, ''पण मॅडम, मी कुणाला सांगितलं नसतं. तुम्ही मला फक्त उठवायचं होतं.''